एका इन्व्हाईटमध्ये ३१ नावं: डायबेटीसच्या वर्गाला लोक का येत नव्हते आणि मग का आले

सुरुवातीलाच सांगते, ह्या सगळ्या प्रकरणात पहिली चूक माझी आहे, म्हणून लिहायला पण मीच बसलेय. मी एचआरमध्ये आहे, साधारण चारशे माणसांचा प्लांट, तीन शिफ्ट, एक फर्स्ट एड रूम, तिथे एक सिस्टर, आणि आठवड्यातून दोनदा येणारे कंपनीचे डॉक्टर. दरवर्षी सगळ्यांची हेल्थ चेकअप होते आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यात तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट टाकली होती, म्हणजे एचबीएवनसी. ३१ जणांची ६.५ च्या वर आली, म्हणजे डायबेटीसच्या रेषेपलीकडे. त्यातल्या निम्म्यांना आधीच माहीत होतं, गोळ्या चालू होत्या, बाकीच्यांना रिपोर्ट हातात पडल्यावरच कळलं.

मॅनेजमेंटने बजेट दिलं, एक सर्टिफाइड डायबेटीस एज्युकेटर, म्हणजे डायबेटीस रोज स्वतः कसा सांभाळायचा हे शिकवणारी, ठरवली, हॉल बुक केला, आणि मी उत्साहात कॅलेंडर इन्व्हाईट पाठवलं. विषय: "मधुमेह असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी विशेष सत्र". खाली अटेंडीजची यादी, ३१ नावं, प्रत्येकाला बाकी तिसांची दिसतायत. पाठवून दहा मिनिटं झाली नसतील, फायनान्सचा एक सिनियर माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "मॅडम, माझ्या घरी अजून सांगितलेलं नाहीये मी." एवढंच बोलला आणि गेला. मी इन्व्हाईट रद्द केलं, तर त्या रद्द केल्याचं नोटिफिकेशन पण सगळ्यांना गेलं, परत त्याच यादीसकट.

त्या सत्राला चार जण आले. त्यातले दोघं आमच्याच डिपार्टमेंटचे, रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून बसवलेले.

त्याच्याआधी पोस्टरचा प्रयोग पण करून झाला होता, तो पटकन सांगून टाकते कारण त्यात शिकण्यासारखं फारसं नाही. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन असतो, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग ह्यांचा वाढदिवस म्हणून ती तारीख निवडलेली आहे, त्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये निळे फुगे लावले, "गोड बोला, गोड खाऊ नका" छापाचं काहीतरी पोस्टर लावलं, आणि येणाऱ्याला गिफ्ट व्हाउचर ठेवलं. लोक आले, सही केली, व्हाउचर घेतलं, गेले. पॅकिंगची एक बाई जाताजाता म्हणाली, "शुगर झाली म्हणून बक्षीस पण मिळतं होय?" तेव्हा सगळे हसले, मी पण हसले. आता आठवलं की कसंतरी होतं.

चार जणांच्या सत्रानंतर डायरेक्टरांनी विचारलं की लोकांना आपल्या तब्येतीची पर्वाच नसेल तर आपण पैसे कशाला घालायचे. हे वाक्य मी नंतर बऱ्याच ठिकाणी ऐकलं, आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याला स्वतःला शुगर नव्हती. मी थोडं शोधायला बसले तर कळलं की हे फक्त आमच्याकडचं दुखणं नाहीये. अमेरिकेत २०११-१२ मध्ये ज्या खासगी विमा असलेल्या लोकांना नव्याने डायबेटीस निघाला त्यांच्यातल्या फक्त ६.८ टक्के लोकांनी पहिल्या वर्षभरात डायबेटीस स्वतः सांभाळायचं असं शिक्षण (सेल्फ मॅनेजमेंटचं) घेतलं होतं. विमा असून! म्हणजे शंभरातले त्र्याण्णव जण आळशी आहेत असं तरी म्हणा, नाहीतर वर्गापर्यंत पोचायच्या रस्त्यात काहीतरी अडतंय असं म्हणा. मला दुसरं जास्त पटलं.

मग मी आणि सिस्टरने ठरवलं की आता एक महिना काही आयोजित करायचं नाही, फक्त ऐकायचं. खरं तर ऐकलं सिस्टरनेच. माझ्याशी कोण बोलणार होतं.

तिच्या कानावर जे आलं त्यात "माहिती नको" असं कोणीच म्हणालं नाही. वेळेचं कारण पहिलं निघालं. आम्ही सत्र ठेवलं होतं जेवणाच्या सुट्टीत, सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली दहा मिनिटं हात धुणं आणि लाइनमध्ये उभं राहणं ह्यात जातात, म्हणजे ज्यांनी वेळेवर जेवायला हवं त्यांना आम्ही जेवण सोडून जेवणाबद्दल ऐकायला बोलावत होतो. हे प्लॅन करताना आमच्या अख्ख्या टीममध्ये कोणाच्या डोक्यात आलं नाही!! दुसरं, वजनकाटा. मागच्या एका कार्यक्रमात सगळ्यांसमोर वजन करून मोठ्याने आकडा वाचला होता, ते कोणीच विसरलेलं नव्हतं. आणि तिसरं, जे सिस्टरला पण दोन-तीन आठवड्यांनी दार लावून सांगितलं गेलं, ते म्हणजे नोकरीची भीती. मशीनवर काम करणारे, उंचीवर चढणारे, गाडी चालवणारे, ह्या सगळ्यांचा हिशोब सरळ होता, एचआरच्या वर्गात बसलो म्हणजे एचआरला कळलं, एचआरला कळलं म्हणजे काम बदललं, काम बदललं म्हणजे ओव्हरटाइम गेला.

आणि गंमत बघा, एचआरला खरंच कळलं होतं. चेकअप करणाऱ्या एजन्सीने मला नावासकट एक्सेल पाठवली होती, मी ती उघडली होती, त्यावरून इन्व्हाईट केलं होतं, आणि ह्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नव्हतं. ती फाइल माझ्याकडे यायलाच नको होती.

आता फोर्कलिफ्टवाल्याची गोष्ट, ज्याने सगळं फिरवलं.

वेअरहाऊसमध्ये नाइटला एक ऑपरेटर, पंधरा वर्षांचा अनुभव, कधी साधं खरचटणं नाही. त्या दिवशी सकाळी सातला त्याची शिफ्ट संपली पण एक ट्रक उशिरा आला होता म्हणून त्याला थांबवलं. नऊच्या सुमाराला तो फोर्कलिफ्ट बाजूला लावून खाली उतरला आणि रॅकला टेकून उभा राहिला, घामाने शर्ट भिजलेला, बोलणं अडखळत होतं. सुपरवायझरला वाटलं प्यायलाय. तसं तो मोठ्याने बोलला पण. एका पोराला काय वाटलं कोण जाणे, त्याने खिशातलं चॉकलेट काढून दिलं आणि सिस्टरला फोन केला. सिस्टरने बोट टोचलं, शुगर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे लो, चोपन्नच्या खाली गेली की मामला अजून गंभीर. तिने ग्लुकोज पाजलं, पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटं थांबून परत टोचलं, तेव्हा ८४. (चॉकलेट देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता पण चॉकलेटमध्ये फॅट असल्यामुळे साखर हळू चढते, अशा वेळी साधी साखर, ज्यूस नाहीतर ग्लुकोज लागतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, सुपरवायझरला तर नाहीच.)

नंतर सिस्टरने त्याला शांतपणे विचारलं की गोळी कधी घेतो. तो म्हणाला, "सकाळी, नाश्त्याच्या आधी, चिठ्ठीवर लिहिलंय तसं." गोळी ग्लिमेपिराइड, जी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात काही जावो न जावो. आता नाइट करणाऱ्याची सकाळ म्हणजे काय? तो सहा-साडेसहाला शिफ्ट संपताना गोळी घ्यायचा, घरी जायचा, थोडंफार खाल्लं तर खाल्लं नाहीतर तसाच झोपायचा. दुपारी घामाघूम होऊन जाग यायची, तो समजायचा उकाडा आहे. असं कितीतरी महिने चाललं होतं. त्या दिवशी ट्रकमुळे घरी जायला उशीर झाला आणि जे रोज झोपेत होत होतं ते फोर्कलिफ्टवर झालं.

मला ह्यातली जी गोष्ट अजून टोचते ती अशी, की ह्या माणसाने डॉक्टरांचं शंभर टक्के ऐकलं होतं. गोळी चुकवली नाही, वेळ चुकवली नाही. डॉक्टरांनी पण चूक लिहिलं नव्हतं, ती गोळी नाश्त्याबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबरच देतात. फक्त "तुमचा दिवस कधी सुरू होतो" हे कोणी विचारलं नाही आणि त्याला सांगायचं सुचलं नाही. सेल्फ मॅनेजमेंटचं शिक्षण म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी आता व्याख्या सांगत बसत नाही, हा किस्सा सांगते.

सेफ्टी ऑफिसरने दुपारीच मेल टाकला, ह्याला फोर्कलिफ्टवरून कायमचं काढा. त्याच्या जागी तो बरोबर होता, दोन टन माल घेऊन माणूस चक्कर येऊन पडला तर काय होईल ह्याची जबाबदारी त्याची. पण मला माहीत होतं की अख्खं वेअरहाऊस आता बघतंय. आम्ही कंपनीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ आणि डोस बदलून घेतला, तीन आठवडे त्याला स्टॉक मोजणीचं काम दिलं, पगार तोच, शिफ्टचा भत्ता पण तोच (ह्यासाठी मी फायनान्सशी चांगलीच भांडले), आणि तीन आठवड्यांनी रीडिंग बघून डॉक्टरांनी त्याला परत फोर्कलिफ्टवर बसवलं, अट एकच, शिफ्टच्या आधी शुगर बघायची आणि ग्लुकोजच्या गोळ्या जवळ ठेवायच्या.

तो परत गाडीवर बसला त्या आठवड्यात सिस्टरकडे सहा जण विचारायला आले, "ते वर्गाचं परत कधी आहे?" आम्ही कसलीही जाहिरात केली नव्हती. आपल्यातला पहिला पकडला गेला त्याचं पुढे काय झालं, हे लोकांनी बघितलं होतं, बाकी कशाचा संबंध नाही.

मग आम्ही सगळं नव्याने मांडलं. एजन्सीला लेखी कळवलं की नावाचा रिपोर्ट फक्त ज्याचा त्याला आणि फर्स्ट एड रूमला, एचआरला नुसते आकडे. त्यात पण एक खाच निघाली, तीन माणसांच्या डिपार्टमेंटमध्ये "एकाला शुगर" असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे, म्हणून डिपार्टमेंटप्रमाणे आकडे द्यायचेच नाहीत असं ठरलं. त्या ३१ जणांना मी एकेकाला भेटून माफी मागितली, मेल नाही, समोर जाऊन. दोघांनी ऐकून घेतलं नाही, त्यांचा हक्क आहे तो. फायनान्सचे ते सिनियर म्हणाले, "ठीक आहे, घरी सांगून टाकलं मी शेवटी, तुमच्यामुळे." ह्याला माफ केलं म्हणायचं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

वर्ग सगळ्यांसाठी खुला केला. स्वतःला शुगर असो, आईला असो, बायकोला असो, नाहीतर नुसती उत्सुकता असो. त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे बघून काहीच कळत नाही. हे आम्ही झाकण म्हणून केलं होतं पण त्यातून एक खरंच चांगली गोष्ट झाली, पहिल्या बॅचच्या नऊ जणांत एक बाप होता, त्याच्या लहान मुलीला टाइप वन, म्हणजे ज्यात इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं तो डायबेटीस, आणि खोलीत सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडे होती, इन्सुलिन कुठे टोचायचं, जागा का बदलत राहायची नाहीतर तिथे गाठ येते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, तापात काय करायचं. बाकीचे लोक एज्युकेटरइतकेच त्याला प्रश्न विचारायला लागले.

वेळ शिफ्टमधली, कामाच्या तासांत, जेवणाची सुट्टी सोडून. सव्वा तासाचं एक सत्र, अशी आठ, म्हणजे बरोबर दहा तास. हा आकडा हवेतून आला नव्हता. डायरेक्टरांनी विचारलं होतं की एक दिवसात का नाही उरकत. २०१६ मध्ये ११८ वेगवेगळ्या कार्यक्रमांचा एक आढावा निघाला होता, त्यात शिक्षण घेतलेल्यांची एचबीएवनसी बाकीच्यांपेक्षा सरासरी ०.५७ ने जास्त उतरली होती, आणि दहा तास किंवा जास्त वेळ दिलेल्या कार्यक्रमांत फायदा झाल्याचं प्रमाण जास्त होतं. हे त्यांना दाखवलं. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण दाखवली, ब्रिटनमध्ये डेस्मंड नावाचा नव्याने निदान झालेल्यांसाठीचा सहा तासांचा कार्यक्रम आहे, २००८ मध्ये त्याचा निकाल आला, ८२४ लोकांवर, तर वर्षभरानंतर एचबीएवनसीत शिकलेल्या आणि न शिकलेल्या गटांत म्हणावा असा फरक नव्हता, वजन मात्र शिकलेल्यांचं जास्त उतरलं होतं, सिगारेट सोडलेले जास्त होते, आणि आजाराबद्दलची समज वाढली होती. माझ्या बॉसने मला दटावलं, हे कशाला दाखवलंस म्हणून. पण उद्या आपला आकडा हलला नाही की हेच डायरेक्टर कार्यक्रम बंद करणार, त्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. डायरेक्टर आकड्यांचे माणूस आहेत, त्यांना उलट ते आवडलं.

सगळ्यात महाग पडलं ते वर्गाच्या वेळी लाइनवर बदली माणूस देणं. एज्युकेटरच्या फीपेक्षा पण महाग. आणि सगळ्यात जास्त अडवलं ते सुपरवायझर लोकांनी, मुद्दाम नाही, टार्गेट त्यांच्या डोक्यावर असतं. "जा रे, पण लवकर ये" असं म्हटलं की माणूस जातच नाही. म्हणून बदली माणूस थेट प्लांट हेडच्या सहीने लावला, म्हणजे परवानगी मागायचा प्रश्नच उरला नाही. सुपरवायझरांना वेगळं वीस मिनिटं बसवून फक्त लो शुगर कशी दिसते तेवढं शिकवलं, घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं, आणि काय द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ अँब्युलन्स. कोणाला शुगर आहे ते विचारायची गरज नाही, लक्षण दिसलं की सिस्टरला बोलवा. ज्याने "प्यायलाय" म्हटलं होतं तो पहिल्या रांगेत बसला होता, पूर्ण वेळ खाली बघत.

दुसऱ्या सत्रात एज्युकेटरने एकाला फळ सोलायला लावलं आणि त्याच न धुतलेल्या बोटाची शुगर बघितली. २१४. मग साबणाने हात धुवून, नीट कोरडे करून, दुसऱ्या बोटाची. १२६. दोघांत तीन मिनिटांचं पण अंतर नाही. खोलीत एकदम गलका झाला, कारण तिथे निदान तीन लोक असे होते जे अशाच आकड्याला घाबरून एकतर जेवण सोडत होते नाहीतर "मशीनच खराब आहे" म्हणून ते कपाटात टाकून बसले होते. तिने अजून सांगितलं की बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. कामाला हात लागतात अशा माणसांसाठी ही छोटी गोष्ट नाहीये.

तिची पद्धत पण वेगळी होती. पीपीटी नव्हतीच. पहिल्या दिवशी प्रत्येकाला चिठ्ठी दिली, नाव न लिहिता एक प्रश्न लिहा, आणि पुढची सत्रं त्या चिठ्ठ्यांवरून लावली. काय खाऊ नये ह्यावर एकच चिठ्ठी होती! बाकी होत्या "गोळी आयुष्यभर का", "पाय रात्री जळतात ते ह्यामुळेच का", "इन्सुलिन सुरू झालं म्हणजे संपलं का", आणि एकावर नुसतं "कंटाळा आलाय". त्या शेवटच्या चिठ्ठीवर तिने पाऊण तास घालवला. रोज रोज सांभाळून माणूस थकतो, त्याला नाव पण आहे, डायबेटीस डिस्ट्रेस, आणि ते डिप्रेशनपेक्षा वेगळं असतं असं ती म्हणाली. चिठ्ठी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, कोणी विचारलंही नाही.

तीन महिन्यांची शुगर म्हणजे काय हे पण तिने असंच उलगडलं, ७ म्हणजे सरासरी साधारण १५४, ९ म्हणजे साधारण २१२. रिपोर्टवरचा टक्का आणि मशीनवरचा आकडा ह्यांचं नातं बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. मला पण.

नऊपैकी सात जणांनी आठही सत्रं पूर्ण केली. एकाची बदली झाली, एकाने चौथ्यानंतर सोडलं, कारण सांगितलं नाही. दुसऱ्या बॅचला चौदा आले, त्यात फोर्कलिफ्टवाला होता, पहिल्या बॅचला तो आलाच नव्हता, सगळे बघतील म्हणून. ह्या सगळ्यांच्या शुगरचं काय झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असायला पण नको, सिस्टरकडे आहे, ती फक्त एकूण सरासरी सांगेल, ती पण माणसं पुरेशी झाल्यावर. डायरेक्टरांना हे पटवायला एक अख्खी मीटिंग गेली.

हे शिक्षण एकदा घेतलं की झालं असं पण नाहीये. निदान झाल्यावर, मग दरवर्षी किंवा शुगर आटोक्यात येत नसेल तेव्हा, नवीन काही गुंतागुंत झाली की, आणि आयुष्यात किंवा उपचारात मोठा बदल झाला की, असे ते घ्यायचे चार प्रसंग ठरलेले आहेत. आमच्या प्लांटमध्ये शिफ्ट बदलणं हा चौथ्यातलाच प्रकार, म्हणून रोस्टर लागलं की सिस्टर आता नाइटला जाणाऱ्या सगळ्यांना, शुगर असो नसो, एक साधा निरोप पाठवते: काही औषधं चालू असतील तर वेळा विचारून घ्या.

नाइट शिफ्टचा वर्ग मात्र अजून झालेला नाही. पहाटे चारला एज्युकेटर येऊ शकत नाही, सकाळी सातनंतर थांबवलं तर परत तोच प्रकार, दमलेली उपाशी माणसं. सध्या बोलणं चाललंय ते संध्याकाळचं, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सव्वा तास, भरपगारी, आणि वर्गाच्या आधी जेवण. पाच नावं आलीयेत असं सिस्टर म्हणाली. कोणाची ते तिने सांगितलं नाही.